प्रोफेसर दियारांना शिवी देताना

मी एका परिषदेत चालू माईक बंद केला. यंत्र बिघडलं नव्हतं, वीज गेली नव्हती. पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अंगठ्याने बंद केला. आणि ज्या माणसाची अब्रू वाचवायला म्हणून केला, त्याचंच तोंड त्यामुळे बंद झालं.

मस्कतच्या आपल्या मराठी मंडळाच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडे "निवृत्तीनिमित्त चार गोड आठवणी" मागितल्या होत्या. गोड आठवणी माझ्याकडे आहेत, पण त्या सगळ्या सीबच्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, हलव्याच्या आहेत. कामाच्या आठवणी काढल्या की मला राग येतो. निम्मा राग दुसऱ्यांचा, निम्मा माझा स्वतःचा. तो चालत असेल तर पुढे वाचा.

आधी धंदा सांगतो, कारण माझ्या सासऱ्यांना तो शेवटपर्यंत कळला नाही. ते हर्णैत सगळ्यांना सांगायचे, "परकार जावई मस्कतला लाऊडस्पीकर लावतो." अगदीच खोटं नव्हतं. अल् खुवैरच्या एका कंपनीत मी परिषदांची ध्वनिव्यवस्था बघायचो. चार भाषांची माणसं एका सभागृहात बसली की मागच्या भिंतीला काचेच्या खोल्या उभ्या कराव्या लागतात, त्यांना बूथ म्हणायचं. प्रत्येक बूथमध्ये दोन दुभाषे. वक्ता फ्रेंचमध्ये बोलत असतानाच दुभाषा तेच इंग्रजीत तुमच्या हेडफोनमध्ये बोलतो. वक्त्याचं वाक्य संपायची वाट बघायची सोय नाही. अर्ध्या तासात डोकं तापतं, म्हणून आळीपाळीने दोघं. त्या बूथशेजारी मिक्सर घेऊन बसलेला, कोणाचा माईक कधी उघडायचा आणि कोणाचा आवाज कुठल्या कानात सोडायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे मी. हे काम नीट झालं तर तुम्ही आहात हे कोणाला कळत नाही. चुकलं तर सगळं सभागृह मान वळवून बघतं. माझ्याकडे सभागृहाने दोनदा मान वळवली. दोन्ही वेळा प्रोफेसर दियारांमुळे.

बाकी गमती पुष्कळ. एक पाहुणे हेडफोन गळ्यात घालून निझवाचा किल्ला बघून आले, कारण त्यांना ती भेटवस्तू वाटली. दुसरे एक बडे गृहस्थ सकाळभर हेडफोनच्या रिकाम्या, कुठलीच भाषा नसलेल्या चॅनलवर बसून होते. जेवताना मला म्हणाले, "भाषांतर उत्तम." मी आभार मानले. त्या सकाळची भाषणं मी ऐकली होती. रिकामा चॅनल खरोखरच सरस होता.

पण परिषद म्हणजे मुळात वेळेची वाटणी, आणि माझा राग तिथून सुरू होतो. कोणाला किती मिनिटं, याचा कागद आमच्याकडे आधी येतो. वर्षानुवर्षं तो कागद वाचून माझा एक सिद्धान्त झाला: ज्या प्रदेशाबद्दल परिषद असेल, त्या प्रदेशातल्या माणसाला सगळ्यात कमी वेळ.

तीन-चार हिवाळ्यांपूर्वी वाळवंटी व्यापारमार्गांच्या इतिहासावर एक परिषद होती. त्यातून एक जाडजूड ग्रंथ निघायचा होता. युरोपातले एक विद्वान त्या ग्रंथाचे संपादक, तेच परिषदेचे अध्यक्ष. उद्घाटनाचं भाषण त्यांचं, चाळीस मिनिटांचं. पश्चिम आफ्रिकेवरचं प्रकरणही त्यांनीच लिहिलेलं. आणि माली देशातून आलेले प्रोफेसर दियारा, ज्यांनी त्या भागात उभा जन्म घालवला, त्यांना दहा मिनिटं. तीही जेवणानंतरची, जेव्हा सभागृहात फक्त एअर कंडिशनर जागा असतो.

आदल्या दिवशी आम्ही वायरी ओढत होतो, तेव्हा हे गृहस्थ आत आले. उंच, काळे, पांढऱ्या दाढीचे, निळा पायघोळ झगा. पायातल्या वायरी अदबीने ओलांडत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "माझा माईक मला तपासायचाय."

सगळ्या नोकरीत कोणा वक्त्याने हे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. वक्ते येतात, माईकवर टिचकी मारतात आणि आमची उपकरणं खराब करतात.

"सर, ते आम्ही बघतो," मी म्हणालो.

"तू तुझं बघ. मी आयुष्यभर लोकांचे आवाज गोळा केलेत. माझा कसा जातो ते मला ऐकू दे."

मग तासभर बसले. आमच्याच थर्मासमधला चहा प्यायले आणि बोलले. सेगू नावाच्या नदीकाठच्या गावचे. तरुणपणी टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरले. विद्यापीठात शिकवलं. मध्ये काही महिने मंत्रीही होते. "टेबलावर टेलिफोनांची रांग होती, आणि एकावरही खरं बोलता येत नव्हतं," म्हणाले. शाळेच्या पुस्तकातून एक धडा काढायला सांगितला गेला, तो काढायच्या ऐवजी यांनी स्वतःलाच काढून घेतलं. विद्यापीठाने जुनी जागा परत दिली नाही. तेव्हापासून दर आठवड्याला रेडिओवर इतिहास सांगतात. "इतिहासकाराने दोन ठिकाणी बोलावं, वर्गात आणि बाजारात. वर्ग गेला. बाजार आहे."

आणि मग न्येलेबद्दल बोलले. न्येले ही म्हातारी घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ ठेवणाऱ्या जमातीतली. आपल्याकडच्या भाटांसारखी म्हणा, पण भाट स्तुती करतात आणि ही फटकळ. तरुण दियारांना तिने दियारा आडनावाच्याच एका अख्ख्या राजघराण्याचा इतिहास सांगितला होता, कोणी कोणाला फसवलं त्यासकट. दियारांनी ते ध्वनिमुद्रण अभ्यासकांसाठी खुलं ठेवलं. संपादकसाहेबांचं प्रकरण पानापानाला त्यावर उभं होतं. आणि मसुद्याच्या तळटीपेत काय? "स्थानिक माहितगार, वृद्ध स्त्री."

"तिने मला एकच अट घातली होती," दियारा म्हणाले. "माझं नाव घेऊन सांग. नाव गाळलंस तर तू ऐकलंच नाहीस असं मी समजेन. ती आता फार थकलीये. परवा समारोपाला मजकूर कायम होईल. त्याच्या आत ते नाव मला त्यात घालायचंय."

मला आतून चीड आली. त्यात आठवड्यापूर्वीचीच आपल्या तिळगूळ समारंभातली गोष्ट. मी म्हणालो होतो, यंदा मालीचे इतिहासकार येणार आहेत. आपल्या एका सभासदांनी (नाव लिहीत नाही, ते हा अंक वाचतात) चिवड्यातले दाणे वेचत विचारलं, "आफ्रिकेला इतिहास असतो? लिहिलेलं काय आहे त्यांच्याकडे?" सगळे हसले. मीही हसलो, कारण पुढची डिश माझ्याकडे येत होती. अहो, माझ्या घराण्यात आजोबांच्या वरच्या कोणाचं नाव कुठे लिहिलेलं नाही. म्हणून काय आम्ही परकार हर्णैच्या बंदरात आभाळातून पडलो?

तर अशा तापलेल्या डोक्याने मी दुसऱ्या दिवशी मिक्सरवर बसलो.

दियारा बोलायला उभे राहिले. अर्धं भाषण होतंय तोच अध्यक्षांनी घड्याळ दाखवायला सुरुवात केली. न्येलेपर्यंत ते पोचलेच नाहीत. "आभारी आहोत," म्हणून अध्यक्षांनी त्यांना बसवलं आणि विचारलं, "एखादा प्रश्न?"

मागच्या रांगेतून एक आडदांड गृहस्थ उठले. त्राओरे. तेही मालीचेच, मस्कतमध्ये फ्रेंच शिकवायचे. मी त्यांचा माईक उघडला. ते फ्रेंचमध्ये बोलू लागले आणि माझ्या हेडफोनमध्ये आमच्या ट्युनिसच्या दुभाषी, सल्माबाई, थंड आवाजात इंग्रजीत सांगू लागल्या:

"हा दियारा नावाचा माणूस माझा गुलाम आहे. त्याचे बापजादे आमच्या अंगणात वाल खाऊन जगले. गुलामाला इतिहास काय कळणार?"

गुलाम. भर सभागृहात. आधी दहा मिनिटं देऊन अपमान, वर हा. माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मी अंगठा दाबला. त्राओरेंचा माईक बंद. शिवाय सुरक्षा अधिकाऱ्याला खूण केली आणि पाहुण्यांचा अपमान झाल्याची तक्रारही करून टाकली. त्राओरेंच्या गळ्यातला पास काढून घेऊन त्यांना बाहेर नेलं. जाताना ते हसत होते, ते मला जास्तच उद्धट वाटलं.

सगळं सभागृह मान वळवून माझ्याकडे बघत होतं. ही पहिली वेळ. अध्यक्षांनी संधी साधली. "तांत्रिक अडचणीमुळे सत्र इथेच संपवू या."

मी धन्यवादाच्या अपेक्षेने बसलो होतो. दियारा झग्याचा घोळ आवरत थेट माझ्या टेबलाशी आले.

"माईक कोणी बंद केला?"

"मी, सर. तो माणूस तुम्हाला..."

"तो माणूस माझा भाऊ आहे. काल रात्री जेवताना आम्ही ठरवलं होतं. त्याने मला शिव्या द्यायच्या, आणि मी त्याला उत्तर द्यायचं. उत्तरात न्येलेचं नाव होतं. उत्तराला कोणी घड्याळ दाखवत नाही, मूर्खा."

मी बूथकडे पाहिलं. सल्माबाई काच सरकवून म्हणाल्या, "माझ्याकडे नको बघूस. मी भाषांतर करते. अर्थ लावायचे मला वेगळे पैसे देत नाहीत."

संध्याकाळी मी दियारांना सीबला घरी घेऊन गेलो. माफी मागायची तर निदान जेवायला घालून मागावी. बायकोने, रेहानाने, सगळी हकिगत ऐकली आणि पाहुण्यांसमोरच मला म्हणाली, "तुमाला कोणी सांगितलंन मध्ये पडायला?" आणि पानं वाढली. तांदळाची भाकरी, तळलेली सुरमई, आणि मधोमध, गावाहून आणून खास मोड काढलेल्या वालांचं बिरडं.

दियारांनी भांड्यात पाहिलं. वास घेतला. "हे काय?"

तोवर मलाही दिसलं. दुपारी ज्या माणसाला वाल खाणारा म्हणून हिणवलं, त्याच्यापुढे संध्याकाळी मी वालच ठेवले होते. मी भांडं उचलायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला आणि असे हसले की शेजारच्या मल्याळी कुटुंबाने खिडकी उघडली.

मग त्यांनी जेवता जेवता समजावलं. त्यांच्याकडे आडनावांच्या जोड्या असतात. दियारा आणि त्राओरे ही तशी जोडी. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, गुलाम म्हणायचं, वाल खाणारा म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला. भांडणं याच वाटेने मिटतात. एरवी जे बोलता येत नाही, तेही याच वाटेने बोलता येतं.

रेहाना म्हणाली, "यात काय नवीन? आमच्याकडे लगीनघरात विहिणीला गाण्यातून काय काय म्हणतात. आणि ती रुसली तर तिचीच शोभा."

मराठीतलं ते वाक्य मी इंग्रजीत सांगितलं. दियारा मला म्हणाले, "हिला कळलं. तुला नाही."

अडचण मात्र उरलीच होती. समारोप दुसऱ्या दिवशी. दियारांचं नाव वक्त्यांत नाही. त्राओरेंचा पास माझ्याच कृपेने जप्त. शिवी देणारा नाही तर उत्तर कशाचं?

दियारांनी बिरडं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "आमच्याकडे परका माणूस घरचा झाला की त्याला आमचं एक आडनाव देतात. परकार, आजपासून तू त्राओरे."

"सर, माझी नोकरी आहे."

"माझीपण होती," ते म्हणाले.

समारोपाच्या सत्रात अध्यक्ष ग्रंथाच्या मसुद्याचा गोषवारा वाचून दाखवत होते. आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. अध्यक्षांच्या माईकला एक बटण असतं, ते दाबलं की बाकीचे सगळे माईक गप्प होतात. अध्यक्षांना वाटतं ती सत्ता त्यांची. पण ते बटण चालू ठेवायचं की नाही, हे मिक्सरवरचा माणूस ठरवतो. मी ते निकामी केलं. दियारांचा माईक उघडा ठेवला. मग तंत्रज्ञांना सूचना देण्यासाठी असतो तो माझा छोटा माईक सभागृहाच्या स्पीकरला जोडला.

रात्रभर मी शिव्या पाठ केल्या होत्या. हर्णैच्या बंदरावर वाढलेल्या माणसाला शिव्यांची कमतरता नसते. पण ऐन वेळी तीस वर्षांची नोकरी आडवी आली आणि मी उभा राहून इंग्रजीत म्हणालो ते हे:

"माफ करा, सर. प्रोफेसर दियारा सर, तुम्ही वाल खाता, सर. आणि तुम्ही, म्हणजे तुमची हरकत नसेल तर, माझे गुलाम आहात, सर."

सभागृहाने मान वळवली. ही दुसरी वेळ.

दियारा सावकाश उठले. "सभागृहातल्या या त्राओरेने माझ्या घराण्याचा अपमान केला आहे," ते फ्रेंचमध्ये, गंभीरपणे म्हणाले. "आमच्या रिवाजाप्रमाणे मला उत्तर द्यावं लागेल. आणि माझ्या घराण्याबद्दल मला जे माहीत आहे, ते मला एका बाईने सांगितलं. तिचं नाव न्येले."

अध्यक्षांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर करून खांदे उडवले, तांत्रिक अडचण.

दियारा बोलत राहिले. न्येलेने काय सांगितलं, कुठे बसून सांगितलं, तिच्या आईचं नाव काय, आईला कोणी शिकवलं, आणि त्यातलं काय काय या मसुद्यात तिच्या नावाशिवाय आलं आहे. सल्माबाईंनी "न्येले" हा शब्द इंग्रजीत घेतला, शेजारच्या बूथने अरबीत. प्रत्येक कानात ते नाव गेलं. रिकाम्या चॅनलवर कोणी बसलं असेल तर तेवढंच हुकलं असेल.

शेवटी संपादकसाहेब हसून म्हणाले, "नोंद घेतली आहे." मी आयुष्यात पुष्कळ परिषदा ऐकल्यात. "नोंद घेतली आहे" म्हणजे कबर खणून तयार आहे.

आमच्या कंपनीचे मालक ओमानी. आम्ही त्यांना अर्बाब म्हणायचो. त्यांच्यापर्यंत तक्रार गेली. त्यांनी मला बोलावून सगळं ऐकून घेतलं. त्यांची आजी झांजिबारची, लहानपणी तिने सांगितलेल्या गोष्टी ते अजून सांगतात. मग म्हणाले, "खलास. झालं ते झालं. यापुढे बटणं दाब, तोंड उघडू नको. यल्ला, जा." त्या ग्राहकाचं काम आम्हाला पुन्हा मिळालं नाही.

ग्रंथ यथावकाश निघाला. गुळगुळीत कागद, दोन हातांनी उचलावा असा. मी आधी तळटीपा काढल्या. "स्थानिक माहितगार, वृद्ध स्त्री." जशीच्या तशी. ऋणनिर्देशाच्या पानावर मात्र "उत्कृष्ट ध्वनिव्यवस्थेबद्दल" माझं नाव, आद्याक्षरांसकट. माईक बंद पाडणाऱ्याचं आणि बटण निकामी करणाऱ्याचं नाव छापायला जागा होती. एका राजघराण्याची स्मृती जपणाऱ्या बाईचं छापायला नव्हती. हे मी आजही शांतपणे सांगू शकत नाही. तुम्हाला यात काही गोड सापडलं तर संपादकांना कळवा. ऑफिसच्या प्रतीत त्या प्रत्येक तळटीपेपुढे मी पेनने "न्येले" लिहून ठेवलंय, देवनागरीत. माझ्या जागी आलेला मुलगा मल्याळी आहे. त्याला वाटतं, माझी सही आहे.

दियारांना मी ग्रंथाचं कळवलं. त्यांचा फोन आला.

"छापील वर्गात ती नाही, ठीक. बाजार आहे ना? त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण तुझ्याकडे असेल."

होतं. मी पाठवलं. त्यांनी ते रेडिओवर लावलं, माझ्या शिवीपासून सगळं. आधी मूळ आवाज, मागोमाग बूथमधले इंग्रजी-अरबी आवाज, मग त्यांच्या भाषेत भाषांतर. इतिहासकार आहेत, गाळायचं काही नाही, म्हणून माझं प्रत्येक "सर" आणि "तुमची हरकत नसेल तर"सुद्धा भाषांतर करून ऐकवलं. सेगूच्या बाजारात दुकानादुकानातून ते वाजलं.

रमजानच्या आधी त्यांचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. रेहाना आणि मी बाल्कनीत चहा घेत होतो. ते न्येलेच्या घरूनच बोलत होते. नातवाने तिच्या उशाशी रेडिओ ठेवला होता. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. स्वतःचं नाव आलं, आईचं नाव आलं, तेव्हा हात वर केला, म्हणजे हो, बरोबर. अरबी बूथमधून आलेलं नाव दियारांना त्यांच्या फोनवर पुन्हा लावायला सांगितलं.

"आणि माझ्याबद्दल काही?" मी उलट विचारलं. एवढी नोकरी पणाला लावली होती, निदान एक दुवा तरी.

दियारांचं उत्तर आलं तेव्हा मागे बायका हसत होत्या, त्यात एक म्हातारा, चिरका आवाज सगळ्यांच्या वर. त्यांनी तिचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं, आणि मी रेहानाला मराठीत:

"ती विचारतेय, हा कसला त्राओरे आणलास? शिवी देतोय की चहा विचारतोय?"